नवाचा ताळा

“हा आकडा खोटा आहे,” मी म्हटलं.

यल्लाप्पाचा हात थांबला. संगमरवरी फरशीवर कोरलेल्या आकड्यांत तो काळा रंग भरत बसला होता. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग मास्तरांकडं.

“आक्का, मला कागदावर दिलं तसं मी कोरलंय.”

“तुला कोण बोलतंय? तू रंग भर. नाही, थांब. भरूच नकोस.”

फरशीवर लिहिलं होतं: श्री शिवनामस्तंभ, रांजणवाडी. एकूण लिखित नामजप १,००,००,००१.

महादेवाच्या देवळापुढं खड्डा खणून, विटांनी बांधून तयार होता. गावानं दीड वर्ष लिहिलेल्या वह्या त्यात ठेवायच्या, वर स्लॅब घालायचा आणि त्यावर खांब उभा करायचा, असं ठरलेलं. उद्या सकाळी मठाचे स्वामी येणार होते. म्हणजे उद्या सकाळी खड्डा बुजला की माझ्या कासारआळीच्या बायकांनी हात मोडून लिहिलेल्या नावांवर हा खोटा आकडा कायमचा बसणार. माझ्या आळीच्या एकवीस बायकांनी दोनशे अकरा वह्या भरल्या होत्या. त्यातल्या चौदा माझ्या एकटीच्या. बोटाला पडलेला घट्टा अजून आहे. तेव्हा मला हे खपणार नव्हतं.

सबनीस मास्तर देवळाच्या पायरीवर पावत्या चाळत होते. नामजप मंडळाचे चिटणीस ते. छत्तीस वर्षं शाळेत काढली, त्यामुळं समोरचा प्रत्येक माणूस त्यांना चौथीतला वाटायचा. मी तर तिसरीतच शाळा सोडलेली.

“द्वारकाकाकू,” चष्मा वर सरकवून ते म्हणाले, “शुभ आकडा आहे तो. एक कोटी एक. देणगीसुद्धा आपण शंभराची न देता एकशेएकाची देतो की नाही?”

“देणगी तुमच्या खिशातली असते, तुम्ही एकशेएक द्या नाहीतर एकशेसात द्या. ही नावं लिहिलेली आहेत. मला सांगा, वहीच्या एका पानात चौकोन किती?”

“काकू, आत्ता वेळ नाही हो.”

“किती?”

“एकशेआठ.”

“नऊ उभे, बारा आडवे. बरोबर? आणि नियम कुणी केला? तुम्हीच. अपुरं पान घ्यायचं नाही, अपुरी वही घ्यायची नाही. आमच्या गोदाची वही शेवटच्या पानावरचे चार चौकोन राहिले म्हणून तुम्ही परत पाठवली होतीत. बाळंतीण होती ती. तिनं खाटेवर बसून चार वेळा शिव लिहिलं आणि सासऱ्याच्या हाती वही परत धाडली. आठवतंय?”

“नियम तो नियम.”

“मग एकशेआठ म्हणजे चोपन्न जोड्या. एका पानात जोड्याच जोड्या. हजार पानं घ्या नाहीतर लाख घ्या, सगळं जोडीतच येणार. मग हे शेवटचं एक नाव एकटं आलं कुठून? कुणी लिहिलं? हवेवर लिहिलं?”

खड्ड्यात उतरून गठ्ठे लावणारी दोन-तीन माणसं हसली. मास्तरांचे कान लाल झाले. माझी सून मालन माझ्या पदराला हात लावून हळूच म्हणाली, “आत्या, चला ना घरी. उद्याचा स्वयंपाक राहिलाय.”

“तू जा. मी येते.”

ती गेली नाही. मला ओळखून होती.

“ठीक आहे,” मास्तर म्हणाले, “यल्लाप्पा, तो शेवटचा एक बुजवून शून्य कर. पूर्ण एक कोटी. झालं काकू समाधान?”

“नवाचा ताळा बघा,” मी म्हटलं.

त्या शब्दासरशी मास्तर गप्प झाले. खरंच गप्प झाले. त्यावरून मला कळलं की ही चूक नाही. चूक केलेला माणूस तुमच्याशी भांडतो. मास्तरांना नवाचा ताळा माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता, आणि तरी त्यांनी हा आकडा कोरायला दिला होता.

पण खड्ड्यातल्या माणसांना काही कळेना. म्हणून मी यल्लाप्पाचा खडू घेतला आणि देवळाच्या फरसबंदीवर बसले. माझे वडील जत्राजत्रांतून बांगड्या विकायचे. त्यांच्या पेटाऱ्यात नऊ डझनांचा एक जुडगा असायचा. जुडगे किती का असेनात, एकूण बांगड्यांचा आकडा लिहायचा आणि त्यातले अंक एकमेकांत मिळवायचे. बेरीज नऊ आली, नाहीतर नवाच्या पटीत आली, तर माल जुळला. नाही आली तर कुणीतरी हात मारलाय. सात वर्षांची असताना मी हे शिकले, आणि शाळेत ते शिकवायच्या आत माझी शाळा सुटली.

“हे बघा. एक पान, एकशेआठ. एक आणि आठ, नऊ. दोन पानं, दोनशे सोळा. दोन, एक, सहा. किती?”

“नऊ,” खड्ड्यातून आवाज आला.

“तीन पानं, तीनशे चोवीस.”

“नऊच की!”

“वहीत शहाण्णव पानं. एका वहीची नावं दहा हजार तीनशे अडुसष्ट. एक, शून्य, तीन, सहा, आठ. अठरा. एक आणि आठ, नऊ. कितीही वह्या एकावर एक रचा, नऊ मोडणार नाही. आता तुमचं एक कोटी घ्या. एक आणि सात शून्यं. बेरीज किती, मास्तर?”

मास्तर पुन्हा पावत्या चाळू लागले.

“एक,” मालन माझ्यामागून म्हणाली. तिला मी कधी एवढं ठाम बोलताना ऐकलं नव्हतं.

“एक. म्हणजे एक कोटी होऊच शकत नाही. एक कोटीच्या थोडं वर होईल नाहीतर थोडं खाली होईल, पण नेमकं एक कोटी ह्या वह्यांतून निघणार नाही. कुणी किती का मंत्र म्हणेना. आता सांगा, वह्या किती आहेत?”

“पुरेशा आहेत,” मास्तर म्हणाले.

“पुरेसं मीठ असतं. वह्या मोजायच्या असतात.”

मी खड्ड्याच्या कडेला गेले. पन्नास-पन्नास वह्या लाल कापडात बांधून गठ्ठे लावले होते. बोटानं मोजले. एकोणीस गठ्ठे आणि वर एक लहान पुडकं.

“पुडक्यात किती?”

“बारा,” आतला माणूस म्हणाला.

नऊशे बासष्ट. आणि पहिल्याच सभेत मास्तरांनी फळ्यावर लिहून सांगितलं होतं की नऊशे पासष्ट वह्या झाल्या की कोटी पार होतो, नऊशे चौसष्टला होत नाही. घरोघर जाऊन बायकांच्या हातांत बांगड्या भरताना मी त्यांना तो आकडा ऐकवत होते. नऊशे पासष्ट, बाई, नऊशे पासष्ट. एक वही तुझी.

“तीन कमी आहेत,” मी म्हटलं. माझा आवाज चढला तो तिथून. “तीन वह्यांसाठी तुम्ही देवाच्या दारात खोटं कोरलंत? दीड वर्ष झालं, मास्तर! आमच्या आळीत बायका भाकरी थापता थापता पीठ पुसून लिहीत होत्या. तीन वह्या कमी पडल्या हे मला सांगायचं होतंत. मी एकटीनं लिहिल्या असत्या. स्वामींना म्हणावं महिनाभरानं या. स्वामी काय, माझ्या दारात बांगड्या भरायला थांबलेत, की गर्दी आहे म्हणून निघून जातील?”

“काकू, आवाज खाली.”

“का? देवाला ऐकू जाईल? त्याला ऐकू जावं म्हणूनच ओरडतेय! तुम्ही शिकलेली माणसं. आम्हाला अपुरा चौकोन चालत नाही आणि तुम्हाला अख्खा आकडा बनवलेला चालतो. उद्या ही फरशी लागली की माझी नातवंडं तिच्यासमोर उभी राहून वाचतील. त्यातलं एखादं नवाचा ताळा करून बघेल. मग म्हणेल, आजीच्या गावची माणसं लबाड होती. आणि त्यात मी धरले जाईन. मी!”

मास्तर उठले. मला वाटलं, आता हा माणूस माफी मागणार. पण त्यांचा पारा चढला होता.

“वह्या कमी पडल्या नाहीत!” ते ओरडले. “नऊशे पासष्ट आल्या. मी स्वतः पान न् पान तपासलंय. तीन मी बाजूला ठेवल्या.”

“बाजूला का? अपुऱ्या होत्या?”

“नाही. भरलेल्या आहेत.”

“मग?”

“घेता येण्यासारख्या नव्हत्या.”

आता माझ्या सगळं लक्षात आलं, असं मला वाटलं. गावात असल्या गोष्टी मी जन्मभर बघितल्या आहेत. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या हातचं चालत नाही. कोण सवाष्ण, कोण नाही. कुणाला ओटीला बोलवायचं, कुणाला टाळायचं. चार घरांच्या उंबऱ्यावर बसणाऱ्या कासारणीला हे पंचांगाहून जास्त कळतं. आणि मी चौथऱ्यावर चढून, कंबरेवर हात ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले.

“घेता येण्यासारख्या नाहीत म्हणजे काय? कुणाच्या आहेत? खालच्या आळीतल्या कुणाच्या आहेत? कुण्या विधवेच्या आहेत? कुणी नवऱ्यानं टाकलेली आहे? असू देत! पानात एकशेआठ चौकोन आणि चौकोनात शिव लिहिलंय ना? मग ती जोडी आहे, तो नऊ आहे, तो ह्या आकड्यात येणारच. लिहिणारीचा हात बघून आकडा बदलत नसतो. कुणाच्या का असेनात, त्या वह्या इथं आणा. मी माझ्या हातानं खाली ठेवते. बघते कोण अडवतंय.”

बोलून मी थांबले. दम लागला होता. माणसं जमली होती. कुणीतरी “बरोबर आहे काकू” असंही म्हणालं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मास्तर माझ्याकडं बघत राहिले. राग गेला होता त्यांचा. काहीतरी वेगळंच होतं चेहऱ्यावर, आणि तेच मला आवडलं नाही. ते देवळाच्या कोठीत गेले, दिव्याच्या तेलाच्या डब्यामागून एक पार्सल काढून आणलं. पोस्टाचा जाड कागद, वर सुतळी, कराडचा शिक्का. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी सुतळी सोडली.

वरच्या वहीवर नावाच्या जागी एकच शब्द होता. शालन. पुढं ना बापाचं नाव, ना नवऱ्याचं.

शालन माझी मुलगी. सहा वर्षांपूर्वी, तिचं लग्न ठरवून मी पत्रिका छापायला दिलेल्या असताना, ती एस. टी.च्या कारखान्यातल्या एका परजातीच्या पोरासोबत निघून गेली. त्यानंतरच्या पहिल्या महाशिवरात्रीला ह्याच चौथऱ्यावर उभं राहून मी सांगितलं होतं की जिथं त्या मुलीचं नाव येईल तिथं माझा पाय पडणार नाही. तेव्हाही माणसं जमली होती. तेव्हाही कुणीतरी “बरोबर आहे काकू” म्हणालं होतं.

“तिनं पत्र लिहून रिकाम्या वह्या मागवल्या,” मास्तर हळू आवाजात म्हणाले. “नाही म्हणवेना. पाठवल्या. गेल्या आठवड्यात भरून आल्या.”

“आणि भरून आल्यावर नाही म्हणवलं?”

“तुम्ही शपथेवर बोलला होतात. तिच्या वह्या खाली गेल्या असं तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही तुमच्या आळीच्या दोनशे अकरा परत मागितल्या असत्या. मागितल्या असत्या की नाही? मग कसला कोटी आणि कसला खांब. तीन काढल्या तर आकडा कोटीच्या खाली जातो, ठेवल्या तर तुम्ही जाता. शेवटी मी तो शुभ आकडा बनवला. चुकलो.”

मागितल्या असत्या. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

“ह्या गावात,” मी म्हटलं, “माझं एक अक्षर कुणी ऐकत नाही. नळाला तोटी बसवा म्हणून तीन वर्षं ओरडतेय. देवळाच्या पायरीवर चपला काढू नका म्हणून ओरडतेय. त्यातलं काही ऐकलं नाहीत. आणि ऐकलंत ते नेमकं हे?”

मास्तरांनी पार्सलची सुतळी गुंडाळून खिशात घातली.

मी पायरीवर बसले आणि पहिली वही उघडली. “मी तपासते,” म्हटलं. “मास्तरांच्या तपासण्यावर माझा आता विश्वास नाही.”

दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं. ऊन पायरीवरून सरकत माझ्या गुडघ्यांवर आलं. माणसं हळूहळू पांगली, काही थांबली. मालन पाणी घेऊन आली, मी घेतलं नाही. प्रत्येक पानावर बोट फिरवत होते, बारा आडवे, नऊ उभे. लोकांना वाटलं असेल, आईचं मन, पोरीचं अक्षर बघतेय. तसं नव्हतं. मी रिकामा चौकोन शोधत होते. एक सापडला असता तर मी मोकळी झाले असते. वही अपुरी, नियम तो नियम, चला, संपलं. माझा शब्दही राहिला असता आणि आकड्याचा मानही राहिला असता. गोदाला बाळंतपणात ज्या नियमानं परत पाठवलं त्याच नियमानं मी माझ्या मुलीला परत पाठवलं असतं, आणि गावात कुणाला बोट दाखवायला जागा राहिली नसती.

दुसऱ्या वहीत मधल्या काही पानांवर अक्षर बदललं होतं. वाकडं, खाली उतरत गेलेलं. आजारी होती की काय कोण जाणे. किंवा मूल मांडीवर असेल. तिला मूल आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांत मी कुणाला विचारलं नव्हतं आणि कुणाची सांगायची छाती नव्हती. पण त्या पानांवरसुद्धा चौकोन सगळे भरलेले होते. एकही सुटला नव्हता.

तिसरी वही मिटली तेव्हा मला एवढा राग आला होता की डोळ्यांपुढं नीट दिसेना. कुणाचा, ते विचारू नका. मास्तरांचा आला होता. शालनचा आला होता, एक चौकोन सोडता आला नाही का हिला, लहानपणी पाढे म्हणताना निम्मे गाळायची. आणि जिनं सहा वर्षांपूर्वी ह्या चौथऱ्यावर उभं राहून तोंड सोडलं होतं त्या बाईचा तर असा आला होता की ती समोर असती तर मी तिच्या थोबाडीत दिली असती.

“काकू,” मास्तर म्हणाले, “तुम्ही सांगाल तसं. नऊशे बासष्टचाच आकडा लिहू. नव्व्याण्णव लाख चौऱ्याहत्तर हजार सोळा. तोही खराच आहे. नवाचा ताळा जुळतो त्याचा.”

जुळत होता. मी मनात मिळवून बघितलं, छत्तीस. त्या माणसानं मला वाट काढून दिली होती. कोटी गेला असता, पण माझं नाक राहिलं असतं, आणि कुणी मला खोटं म्हटलं नसतं.

मी उठले. गुडघे धरले होते. खड्ड्याच्या कडेला गेले आणि आतल्या माणसाला म्हटलं, “ते बाराचं पुडकं सोड.”

“कशाला काकू?”

“पंधराचं करायचंय. माझ्या मुलीच्या वह्या आहेत.”

सहा वर्षांत तो शब्द तोंडातून काढला नव्हता. मोठ्यानं काढला. मालननं पाठीमागं पदर तोंडाला लावलेला मला न बघता कळला. “रडतेस काय,” मी तिच्यावर खेकसले, “हात दे, मला खाली उतरायचंय.”

वह्या मी माझ्या हातानं ठेवल्या. वर येऊन यल्लाप्पाला म्हटलं, “फरशी फिरव. मागच्या बाजूला नवीन कोर. मी सांगते तसं. एक, शून्य, शून्य, शून्य, पाच, एक, दोन, शून्य. एक कोटी पाच हजार एकशे वीस.”

“आक्का, सकाळपर्यंत?”

“सकाळपर्यंत. चुकलास तर पैसे नाहीत, आणि माझ्याशी गाठ आहे ते वेगळं.”

मास्तर खडूनं फरसबंदीवर अंक मिळवत होते. एक, पाच, एक, दोन. “नऊ,” ते म्हणाले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

ह्याला आता सतरा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी स्वामी आले, खड्डा बुजला, खांब उभा राहिला. कार्यक्रम छान झाला म्हणतात. मी नव्हते. पार्सलच्या कागदावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता, तो मी फाडून घेतला होता. सकाळच्या पहिल्या एस. टी.नं कराडला गेले.

दोन खोल्यांचं घर होतं, पुढं पत्र्याचा आडोसा. कडी वाजवली. शालननं दार उघडलं. जाड झाली होती. हातात पीठ होतं. मला बघून ती हलेचना.

मी वाटेत चार तास काय काय ठरवून आले होते. त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

“पोस्टानं पाठवल्यास?” मी म्हटलं. “पाय मोडले होते का तुझे? रांजणवाडीला गाडी जात नाही का?”

तिनं माझ्याकडं बघितलं. मग दारातून बाजूला झाली.